न्यायालयाने पाठवलेला रुग्ण आणि मेंदूतील बिघाडाची चाळणी चाचणी

मेंदूतील बिघाडाची शंका तपासायला वापरली जाणारी, मनोविकारतज्ज्ञ लॉरेटा बेंडर यांची नऊ कार्डांची चाचणी १९३८ सालची. आकृत्या मानसशास्त्रज्ञ मॅक्स वर्थायमर यांच्या १९२३ च्या अभ्यासातल्या. एकेक कार्ड समोर ठेवायचं आणि कोऱ्या कागदावर तसंच काढायला सांगायचं. काम थोडक्यात उरकतं, म्हणून ती मनोरुग्णालयांत लवकर रुळली. १९४६ मध्ये ग्रॅहम आणि केंडल यांनी स्वतःच्या वेगळ्या आकृत्या पाच-पाच सेकंद दाखवून आठवणीने काढून घ्यायला सुरुवात केली. पुढे राइटन यांनी अमेरिकी सैन्याच्या संचातली ट्रेल मेकिंग चाचणी (विखुरलेले आकडे आणि अक्षरं क्रमाने रेघेने जोडायची) मेंदूची इजा ओळखण्यासाठी वापरली. तेव्हा प्रश्न एकच असे: ‘ऑर्गॅनिक’, म्हणजे मेंदूतल्या शारीरिक बिघाडाचा, आजार आहे की नाही?

बेंडर चाचणीसाठीच्या पॅट्रिशिया लॅक्स यांच्या १९८४ च्या गुणदान पद्धतीत १२ प्रकारच्या चुका पाहतात. पाच किंवा जास्त सापडल्या की बिघाडाची शंका. बेंडरच्या १ क्रमांकाच्या कार्डावर १२ टिंबं असतात. कुणी टिंबं काढत सुटतो आणि कागदाची कड आली तरच थांबतो, ही खरोखर बोलकी खूण. पण मनोविकारावरच्या औषधाने हात थरथरत असेल किंवा पेन्सिल कधी धरलीच नसेल, तरी रेघा वाकड्याच येतात. तिथे चूक मोजणं म्हणजे रुग्णावर अन्याय.

मानसशास्त्रज्ञ मील आणि रोझेन यांनी १९५५ मध्ये दाखवलेला धोका आजही विसरला जातो. समजा चाचणी ८० टक्के आजारी आणि ८० टक्के निरोगी बरोबर ओळखते. १०० जणांत बिघाड असलेले १० असतील, तर त्यातले ८ सापडतील. उरलेल्या ९० पैकी १८ उगाच अडकतील. म्हणजे २६ जणांवर ठपका, त्यातले खरे ८. शिवाय अचूकतेचे चांगले आकडे बहुधा ठळक इजा झालेले रुग्ण आणि धडधाकट माणसं यांच्या तुलनेतून येतात. न्यायालयाने पाठवलेल्या रुग्णांच्या, म्हणजे न्यायवैद्यक, वॉर्डात तुलना होते ती स्किझोफ्रेनिया, दारू आणि डोक्याला झालेले जुने मार यांच्याशी.

त्यात शिक्षा टाळण्यासाठी सोंग घेणारेही असतात. स्मृतिदोषाचं सोंग ओळखणाऱ्या १९९६ च्या टॉम (TOMM) चाचणीत ५० चित्रं दाखवतात; दुसऱ्या फेरीत ४५ पेक्षा कमी ओळखली तर प्रयत्नाविषयी शंका. मात्र डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेला माणूसही त्याखाली जाऊ शकतो.

भारतात चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेची बॅटरी (चाचण्यांचा संच) आणि बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेचा २००४ चा संच आला. अक्षरांचा क्रम येत नसणाऱ्यांसाठी निम्हान्सच्या संचातली, अक्षरांऐवजी रंग वापरणारी ट्रेल्स चाचणी जास्त न्याय्य.

तरीही भारतीय न्याय संहितेचं मनोविकारामुळे गुन्ह्यातून सूट देणारं कलम २२ (पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतलं ८४) विचारतं ते कृत्याच्या वेळची मनःस्थिती. कागदावरची आकृती मात्र तपासणीच्या दिवसाची असते. अहवालात ती तारीख, चालू औषधं आणि शिक्षण लिहिलंच पाहिजे.