व्हायनल लायनर तलावाचा तळ

जमिनीतला व्हायनल लायनरचा पोहण्याचा तलाव म्हणजे खड्डा, त्याच्या कडेने उभी केलेली पोलादी किंवा पॉलिमर पॅनेलांची भिंत, खाली सिमेंटचा कोबा आणि या सगळ्यावर बसवलेला ०.५ ते ०.७५ मिमी जाडीचा व्हायनलचा पडदा, म्हणजे लायनर. अमेरिका आणि कॅनडात घरामागच्या अंगणात हा प्रकार बराच दिसतो. महाराष्ट्रातला तलाव बहुधा आरसीसीचा, वर टाइल. आरसीसीची भिंत हवी तितकी खोल सरळ नेता येते. व्हायनल तलावाचे पॅनेल मात्र साधारण ४२ किंवा ४८ इंच उंचीचे असते, आणि त्याखाली भिंत नसते, नुसती माती असते. मातीवर दोन इंचांचा कोबा उभा राहत नाही, त्याला उतारावर टेकूनच राहावे लागते. म्हणून पॅनेलच्या पायापासून खाली तळ चारही बाजूंनी आत झुकत जातो. तळाचा आकार निवडायचा म्हणजे हे उतार कुठे, किती लांब आणि किती तीव्र ठेवायचे ते ठरवायचे.

गिऱ्हाईक सहसा आकडा सांगून सुरुवात करते: ‘आठ फूट खोल हवा’. लांबीचा हिशेब न करता हा आकडा घेऊ नये. अमेरिकेतील घरगुती तलावांच्या मानकानुसार (एएनएसआय/एपीएसपी/आयसीसी-५) उथळ भागाचा उतार ७ फुटांना १ फूट आणि मोडापासून खोल बाजूकडे उतरणारा उतार ३ फुटांना १ फूट यापेक्षा तीव्र नसावा. उथळ तळ संपून खोल उतार सुरू होतो ती आडवी रेघ म्हणजे मोड. आता १६ × ३२ फुटांचा तलाव घ्या, उथळ बाजूला ३.५ फूट पाणी आणि खोल बाजूला ८. फरक ४.५ फुटांचा, म्हणजे मोडापासूनच्या उतारालाच १३.५ फूट गेले. तळाचा सपाट तुकडा ६ फूट, मागच्या भिंतीकडे चढणारा ४५ अंशांचा उतार ४.५ फूट. उरले ८. ३२ फुटांच्या तलावात कंबरभर पाण्यात निवांत उभे राहायला एवढीच जागा. रुंदीतही तेच होते: दोन्ही बाजूंचे उतार ४.५ फुटांचे, म्हणून १६ फुटांतून खालच्या तुकड्याला ७ फूट मिळतात. खोलीचा प्रत्येक फूट लांबीतले किमान तीन फूट खातो.

वर वर्णन केलेला तळ म्हणजे हॉपर. पिठाच्या गिरणीतला धान्य ओतायचा चाडा आठवला की आकार डोळ्यांपुढे येतो: वर रुंद, चारही बाजूंनी उतरते, खाली छोटा सपाट तुकडा. कागदावर खोल बाजू मोठी दिसते, पण पूर्ण खोली त्या ६ × ७ फुटांच्या तुकड्यावरच असते. सूर मारणाऱ्याची फसगत इथेच होते. वरून पाणी गडद दिसते, पण उडी जराशी लांब गेली तरी डोके समोरच्या चढत्या उतारावर आदळू शकते. वरचे मानक सूर मारण्याच्या सोयीनुसार तलावांचे प्रकार पाडते, आणि ‘झिरो’ प्रकारात सूर मारायलाच मनाई असते. फळी लावायची असेल तर ८ फूट हा एकच आकडा पुरत नाही. फळीच्या टोकाखाली आणि पुढे ठरावीक अंतरापर्यंत किती खोली हवी ते फळीच्या निर्मात्याच्या तक्त्यातून घ्यावे आणि मगच तलावाची लांबी ठरवावी. विहिरीत मुटका मारून वाढलेल्या माणसाला हे जाचक वाटेल, पण विहिरीचा तळ असा चढत पुढे येत नाही.

स्पोर्ट तळ दोन्ही टोकांना उथळ आणि मध्ये खोल असतो, बहुधा ३.५ फुटांवरून ५ आणि परत ३.५. दीड फुटाच्या फरकाला ७ ला १ या उताराने प्रत्येक बाजूला १०.५ फूट लागतात. ३२ फुटांत दोन्ही टोकांना ५.५ फुटांचा सपाट भाग उरतो. मध्ये जाळी बांधून व्हॉलीबॉल खेळणाऱ्या घराला हा तळ सोयीचा, कारण दोन्ही संघांचे पाय टेकतात. गोम मुलांच्या बाबतीत आहे. ‘उथळ बाजूलाच राहा’ ही ताकीद इथे लागू पडत नाही, कारण उथळ बाजू दोन आहेत आणि एकीकडून दुसरीकडे जाताना लहान मुलाच्या डोक्यावर पाणी जाते.

सपाट तळात सगळीकडे सारखे पाणी. खोदाई कमी, लायनर शिवायला सोपा. शेवटचे पाणी उपसता यावे म्हणून एका बाजूला दोन-तीन इंचांचा ढाळ दिला की झाले. लहान मुलांचे घर असो वा रोज व्यायामाला पोहणारे, दोघांचे भागते. सूर मारणे मात्र बंद.

वेज नावाच्या तळात मोडापासून उतार सरळ खोल टोकाकडे जातो आणि मधला सपाट तुकडा नसतो किंवा नावापुरता असतो. या नावावर फार विसंबू नये. वेगवेगळे पुरवठादार ते थोड्या वेगळ्या आकारांना लावतात. ऑर्डर मापांच्या नकाशावर द्यावी.

पाण्याचा फरकही पाहण्यासारखा आहे. त्याच १६ × ३२ च्या तलावात सपाट तळाला सुमारे ५०,७०० लिटर, स्पोर्टला ५७,४०० आणि वरच्या हॉपरला ७४,४०० लिटर पाणी लागते. सपाटपेक्षा हॉपरचे २३,७०० लिटर जास्त. तेवढे पाणी १ अंश सेल्सियसने तापवायला साधारण २७.५ युनिट उष्णता जाते. उष्णता मुख्यतः पृष्ठभागावरून उडते आणि पृष्ठभाग तिन्हींत सारखाच, त्यामुळे हा भुर्दंड पहिल्या तापवणीचा. औषधांचा डोस मात्र कायम लिटरवरच चालतो. मातीही धरा: हॉपरसाठी सुमारे २४ घनमीटर जास्त खोदाई, आणि फुगलेली माती ३० घनमीटरच्या घरात.

जमीन स्वतःच काही पर्याय बाद करते. वाळूसारखी माती ४५ अंशांवर टिकत नाही. उतार सौम्य करावा लागतो आणि खालचा तुकडा आणखी आक्रसतो. खडक लागला तर आठ फुटांचा हट्ट सोडलेला बरा. भूजल वर असेल तर खोल बाजूचा लायनर खालून उचलला जातो. अशा ठिकाणी खोल तुकड्याखाली खडीचा थर आणि उपशाचा पाइप कोबा घालण्याआधीच बसवतात.

कोब्याला बहुधा व्हर्मिक्युलाइट (फुगवलेले हलके खनिज) आणि पोर्टलँड सिमेंट लागते, आकारमानाने चार-पाच भागांना एक, जाडी दोन इंच. तेवढी खोदाई जास्त ठेवावी. मोडाची दोरी भिंतीशी गुण्यात, म्हणजे काटकोनात, बांधावी आणि खालच्या तुकड्याचे चारही कोपरे ओळंब्याने उतरवावेत. हा खटाटोप लायनरसाठी असतो. लायनर कारखान्यात दिलेल्या मापांनी कापून, जोडून येतो आणि जागेवर त्याला वाढवता-घटवता येत नाही. मापे आडवी आणि उभी स्वतंत्र द्यावीत, उताराची तिरकी लांबी पडताळ्याला. आडवे ८ आणि उभे ४.५ फूट असेल तर तिरके ९ फूट २ इंच यायला हवे. नाही आले तर एक माप चुकले आहे. अशा वेळी फीत पुन्हा धरावी, सरासरी काढू नये.

चुकांच्या खुणा ठरलेल्या आहेत. मोड तिरका गेला तर उतारावर कर्णाच्या दिशेने सुरकुत्या येतात. खालचा तुकडा एका बाजूला सरकला तर एकीकडे चुण्या आणि दुसरीकडे ताण. खड्डा मापापेक्षा खोल झाला तर लायनर कोपऱ्यांत तळापासून अधांतरी राहतो. त्यावर आठ फूट पाण्याचा, म्हणजे चौरस मीटरला सुमारे २.४ टन, भार आला की तो जोडावर फाटू शकतो. उलट खड्डा उथळ झाला तर जादा व्हायनलला जायला जागा नसते. ताण व्हायनल थोडाफार सोसते, ढिलाई मुळीच नाही. म्हणूनच लायनर किंचित लहान शिवतात, आणि बसवताना हवा २० अंशांच्या वर असलेली बरी. थंडीत तो ताणला जात नाही. पाणी भरताना लायनर आणि भिंत यांच्यामधली हवा व्हॅक्यूमने ओढत राहावी. तळाच्या सगळ्या कडांवर पाणी चढेपर्यंत यंत्र बंद करू नये.

लायनर बदलायची वेळ आली की जुना हॉपर बुजवून स्पोर्ट किंवा सपाट तळ करून घेणारे बरेच असतात. भराव १५ सेंमीच्या थरांनी, प्रत्येक थर ठोकून घालावा. एकदम ओतलेला भराव पुढे दबतो आणि नवा कोबा भेगाळतो. तळाचे जुने निचराद्वार भरावाखाली गाडण्याआधी त्याची नळी पंपाच्या बाजूला कायमची बंद करावी. नाही तर पंप तिथून हवा ओढू लागतो आणि दोष शोधायला पुन्हा तोच तळ फोडावा लागतो.