आइस डान्स : स्पर्धात्मक कारकीर्द

बर्फावर जोडीने करावयाचा स्पर्धात्मक नृत्यप्रकार. जोडीदाराला हात ताणून डोक्यावर पेलणे किंवा फेकणे यात निषिद्ध असते. गुण मुख्यतः पात्याच्या कडेवरील पदन्यास, पकड आणि ताल यांवर ठरतात.

उगमाबाबत मतभेद आहेत. 1860 नंतरच्या दशकात व्हिएन्नात बर्फावर वॉल्ट्झ रुजवणाऱ्या जॅक्सन हेन्स या अमेरिकनाकडे जनकत्व देण्याचा प्रघात आहे. दुसरे मत इंग्लंडमधील ‘कंबाइन्ड स्केटिंग’कडे मूळ नेते, पण त्यात स्केटर सामाईक केंद्राभोवती, एकमेकांना न धरता आकृत्या काढीत. त्यामुळे धरून नाचण्याचे मूळ व्हिएन्नात मानणे अधिक सयुक्तिक वाटते. ठरीव नृत्यक्रमांपैकी अनेक मात्र 1930 नंतर लंडनमध्ये बसले, उदा., एरिक व्हॅन डर वायडन व ईव्हा कीट्स यांचा वेस्टमिन्स्टर वॉल्ट्झ. जागतिक अजिंक्यपद 1952 पासून, ऑलिंपिक प्रवेश 1976 मध्ये.

सीनियर गटासाठी 2024-25 पासून किमान वय 17 आहे. स्पर्धेचे दोन भाग असतात : रिदम डान्स (ठरवून दिलेल्या ताल-शैलीवरचा) सु. 2 मि. 50 से., फ्री डान्स (जोडीने निवडलेल्या संगीतावरचा) सु. 4 मि. चालतो. ट्विझल, म्हणजे पुढे सरकत एका पायावर घेतलेल्या सलग गिरक्या, येथे हमखास गुण जातात : वजन टाचेकडे गेले की सरकणे थांबते, गिरकी जागीच होते आणि जोडीतले अंतर वाढते. पाती एकमेकांत अडकू नयेत म्हणून त्यांचा मागचा भाग आखूड ठेवतात.

मराठवाड्यात स्पर्धेच्या मापाची (60 × 30 मी.) बर्फाची रिंक नाही. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूरच्या मुलांना सुरुवात चाकांवरच करावी लागते. हा पाया उपयोगी आहे. काही ठरीव नृत्ये दोन्हीकडे समान आहेत. अडचण चाकांची असते. उघड्या सिमेंटवर मऊ (कठीणपणाच्या मापावर सु. 78ए) चाके लागतात, ती खडबडीतपणा सोसतात, पण वळताना जमीन सोडत नाहीत. मग मूल पाय किंचित उचलून वळते. बर्फावर हीच सवय नडते : थ्री-टर्न, म्हणजे एकाच पायावर कड बदलून दिशा फिरवणारे वळण, उडी मारून होतो, कड सुटते. चार चाकांच्या (क्वाड) स्केटला पुढे ब्रेक असतो. पात्याचे पुढचे दाते थांबण्यासाठी नसतात, त्यांवर भार दिला की मूल तोंडावर पडते. म्हणून बर्फावर प्रथम टी-स्टॉप (मागचे पाऊल आडवे घासत थांबणे) व बाहेरच्या कडेवरचे लांब वक्र घोटवून घ्यावेत, जोडीची पकड त्यानंतर.

पुढचा सराव गुरुग्राम किंवा डेहराडून येथे होऊ शकतो. शिमल्याची 1920 ची रिंक नैसर्गिक बर्फाची, म्हणून फक्त हिवाळ्यापुरती. जोडीतील दोघांनाही एकाच गावी राहणे भाग पडते, आणि अनेक जोड्या येथेच फुटतात. निवृत्तीनंतर प्रशिक्षण, नृत्यरचना किंवा तांत्रिक परीक्षण हे मार्ग असतात.