बास्केटबॉलमधील सार्वकालिक श्रेष्ठ खेळाडूंची क्रमवारी

व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये वेगवेगळ्या काळांत खेळलेल्या खेळाडूंना एकाच तराजूत तोलून त्यांचा क्रम लावण्याचा प्रघात. असा क्रम ठरवणारी कोणतीही अधिकृत संस्था नाही. क्रीडापत्रकार, माजी खेळाडू, आकडेवारीचे अभ्यासक आणि प्रेक्षक आपापल्या याद्या करतात आणि दुसऱ्याच्या खोडून काढतात. या याद्यांपुरते ‘व्यावसायिक बास्केटबॉल’ म्हणजे बहुतेक वेळा अमेरिकेतील एनबीए (नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन) ही लीग. पहिल्या क्रमांकाच्या मानकऱ्याला ‘गोट’ म्हणतात. ‘ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम’ या शब्दांच्या आद्याक्षरांचे हे लघुरूप. मराठीत ज्याचा बकरा होतो तो फसलेला असतो, तेव्हा हे बिरुद आपल्या कानाला जरा उलटेच लागते.

खुद्द एनबीएने क्रम लावण्याचे टाळले आहे. १९४६ साली सुरू झालेल्या या लीगने १९७१, १९८०, १९९६ आणि २०२१ मध्ये वर्धापनाच्या निमित्ताने श्रेष्ठांची नावे जाहीर केली, पण त्यांना क्रमांक दिले नाहीत. १९९६ च्या यादीत ५० नावे होती. २०२१ मध्ये ७५ निवडायची होती. मते समसमान पडली आणि यादी ७६ वर गेली. जुन्या ५० पैकी एकही नाव गळले नाही. त्याच वर्षी मोसमातील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार मिळवलेला निकोला योकिच मात्र त्या ७६ मध्ये नव्हता. अशा यादीत शिरणे कठीण, पण एकदा शिरलेल्याला बाहेर काढण्याची हिंमत त्याहून दुर्मीळ.

‘सर्वांत श्रेष्ठ कोण’ या प्रश्नाचे पहिले सर्वमान्य उत्तर जॉर्ज मायकन हे होते. १९५० मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या कौलात तो अर्धशतकातला सर्वोत्तम बास्केटबॉलपटू ठरला. त्याची उंची आणि ताकद इतकी भारी पडे, की बास्केटखालची पट्टी, जिथे चढाई करणाऱ्याला तीन सेकंदांहून अधिक थांबता येत नाही, ६ फुटांवरून १२ फूट रुंद करावी लागली. त्याला रोखण्याचा दुसरा उपाय म्हणजे त्याच्या हाती चेंडू पडूच न देणे. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेनच्या संघाने चेंडू नुसता हातात धरून ठेवत मायकनच्या मिनिआपोलिस लेकर्सला १९-१८ असे हरवले. लेकर्सच्या १८ पैकी १५ गुण एकट्या मायकनचे होते. ही रटाळ चाल मोडण्यासाठी १९५४ मध्ये २४ सेकंदांचे घड्याळ आले: चेंडू हाती आल्यावर तेवढ्या वेळात बास्केटकडे फेकलाच पाहिजे. सिराक्यूज संघाचा मालक डॅनी बियासोन याचा हिशेब साधा होता: चांगल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून बास्केटकडे १२० फेके टाकतात; सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंदांचा; भागाकार २४.

काळ ओलांडून केलेल्या तुलनेतली मुख्य अडचण या भागाकारापासून सुरू होते. घड्याळ आल्यावर खेळ धावू लागला. १९६१-६२ च्या मोसमात एकेक संघ सामन्याला शंभराहून अधिक फेके टाकत असे. आज हा आकडा नव्वदच्या आसपास आहे. फेके जास्त म्हणजे चुकलेले फेकेही जास्त, आणि म्हणून रिबाउंडही, म्हणजे चुकलेल्या फेक्यानंतर परत मिळवलेले चेंडूही, जास्त. त्या मोसमात विल्ट चेंबरलेनची सरासरी ५०.४ गुण आणि २५.७ रिबाउंड अशी होती. हे आकडे खरे आहेत, पण आजच्या आकड्यांशेजारी ते जसेच्या तसे मांडणे म्हणजे भाव न बघता दोन काळांतले पगार ताडून पाहण्यासारखे आहे.

चेंबरलेनचा सर्वांत मोठा पराक्रम तर जवळजवळ कोणी पाहिलेलाच नाही. २ मार्च १९६२ रोजी पेनसिल्वेनियातील हर्शी या गावी ४,१२४ प्रेक्षकांसमोर त्याने न्यूयॉर्क निक्सविरुद्ध १०० गुण केले. दूरचित्रवाणीवर सामना नव्हता, त्यामुळे त्याचे चित्रीकरण नाही. शेवटी शेवटी चेंडू चेंबरलेनकडे जाऊ नये म्हणून निक्सचे खेळाडू त्याच्या सहकाऱ्यांवरच मुद्दाम फाउल (नियमबाह्य अडवणूक) करू लागले. मग चेंडू लवकर परत मिळावा म्हणून चेंबरलेनच्या फिलाडेल्फिया संघानेही तेच सुरू केले. फ्री थ्रोच्या, म्हणजे फाउलबद्दल मिळणाऱ्या बिनविरोध फेक्यांच्या, बाबतीत एरवी कच्चा असलेल्या चेंबरलेनने त्या रात्री ३२ पैकी २८ साधले. सामन्यानंतर हाताने ‘१००’ लिहिलेला कागद धरून काढलेले त्याचे छायाचित्र तेवढे जगभर गेले.

आणि तरीही त्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू तो ठरला नाही. तेव्हा हा पुरस्कार खेळाडूंच्या मतांवर ठरत असे, आणि त्यांनी सरासरी १८.९ गुण करणाऱ्या बिल रसेलला निवडले. रसेलने बॉस्टन सेल्टिक्सकडून १३ मोसमांत ११ अजिंक्यपदे मिळवली. १९८० मध्ये बास्केटबॉल लेखकांच्या संघटनेने त्यालाच इतिहासातला सर्वश्रेष्ठ म्हटले होते. आजच्या याद्यांत तो बहुधा खाली सरकलेला दिसतो. तेव्हा संघ कमी होते, हे कारण योग्यच आहे. पण दुसरे कारण अन्यायाचे आहे. रसेलचे खरे काम ब्लॉक करण्यात, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा फेका हवेतच अडवण्यात होते आणि एनबीए ब्लॉकची नोंद १९७३-७४ पासून ठेवू लागली. तो निवृत्त झाला १९६९ मध्ये. त्याने केलेले ब्लॉक कोणत्याही वहीत नाहीत.

अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कारही नेमका त्याच्या शेवटच्या वर्षी सुरू झाला. १९६९ च्या निर्णायक सातव्या सामन्यासाठी लेकर्सच्या मालकाने विजयोत्सवात सोडायचे फुगे छताला बांधून ठेवले होते. सेल्टिक्सने सामना १०८-१०६ असा जिंकला आणि फुगे वरच राहिले. पुरस्कार मात्र हरलेल्या संघाच्या जेरी वेस्टला गेला. पुढे २००९ मध्ये या पुरस्काराला रसेलचे नाव देण्यात आले. ज्याच्या नावाचा पुरस्कार, त्याच्या खात्यात तो शून्य.

विजेत्या संघाच्या खेळाडूंना मिळणाऱ्या अजिंक्यपदाच्या अंगठ्या मोजून क्रम लावणे सोपे, म्हणून लोकप्रिय. पण निव्वळ अंगठ्या मोजल्या तर ७ वेळा जिंकलेला रॉबर्ट हॉरी ६ वेळा जिंकलेल्या मायकल जॉर्डनच्या वर जातो, आणि हे हॉरीलाही पटणार नाही. उलट एल्जिन बेलर ८ अंतिम मालिका खेळला आणि आठही हरला. १९७१-७२ च्या मोसमाच्या सुरुवातीला दुखऱ्या गुडघ्यांमुळे तो निवृत्त झाला; लगेच पुढच्या सामन्यापासून लेकर्सची सलग ३३ विजयांची मालिका सुरू झाली आणि त्याच मोसमात संघ विजेता ठरला.

सध्याचा मुख्य वाद जॉर्डन आणि लेब्रॉन जेम्स यांच्यात आहे. जॉर्डनकडे ६ अंतिम मालिकांत ६ विजय, सहाही वेळा मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान, १० मोसमांत गुणांची सर्वाधिक सरासरी आणि कारकिर्दीत सामन्यामागे ३०.१ गुण. लेब्रॉनकडे ४ अजिंक्यपदे आणि दीर्घायुष्य: ७ फेब्रुवारी २०२३ रोजी त्याने करीम अब्दुल-जब्बारचा ३८,३८७ गुणांचा विक्रम मोडला आणि २ मार्च २०२४ रोजी ४०,००० गुणांचा टप्पा गाठला. ‘सहापैकी सहा विरुद्ध दहापैकी चार’ हा जॉर्डनच्या बाजूने होणारा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो, पण त्यात एक खोट आहे. अंतिम मालिकेत हरणे हा डाग मानायचा आणि पहिल्याच फेरीत हरणे विसरून जायचे, असा त्याचा अर्थ होतो. जॉर्डन आपल्या पहिल्या तिन्ही मोसमांत पहिल्याच फेरीत बाद झाला होता. शिखराची उंची मोजायची तर जॉर्डन, पठाराची लांबी मोजायची तर लेब्रॉन. या भांडणात सहा वेळा मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला, ६ अजिंक्यपदे जिंकलेला अब्दुल-जब्बार तिसऱ्या क्रमांकावर निमूट बसवला जातो, हे मात्र नवलच.

खेळाडूची सारी कामगिरी एका आकड्यात बसवणारी विन शेअर्स, पीईआर यांसारखी सूत्रे हा वाद मिटवतील अशी आशा होती. पण नोंदीच नसलेल्या काळापुढे तीही अडखळतात.

एनबीएबाहेरच्या कामगिरीला या याद्यांत फारसा थारा नाही. ज्युलियस अर्व्हिंगच्या ३०,०२६ गुणांपैकी ११,६६२ प्रतिस्पर्धी एबीए लीगमधले. १९७६ मध्ये त्या लीगचे चार संघ एनबीएत आले, पण तिथले गुण एनबीएच्या अधिकृत बेरजेत धरले जात नाहीत. लिथुआनियाच्या अर्विदास सबोनिसला एनबीएच्या संघाने १९८६ मध्येच निवडले होते. तो एनबीएत उतरला १९९५ मध्ये, तिशी गाठल्यावर, दुखापतींनी मंदावलेला. महिलांची डब्ल्यूएनबीए १९९७ मध्ये खेळू लागली तेव्हा सिंथिया कूपर ३४ वर्षांची होती. तिने पहिली चारही अजिंक्यपदे ह्यूस्टनला मिळवून दिली, पण त्याआधीची तिची उमेदीची वर्षे युरोपात गेली होती. ब्राझीलच्या ऑस्कर श्मिटला १९८४ मध्ये न्यू जर्सीच्या एनबीए संघाने निवडले होते, पण तेव्हाच्या नियमाप्रमाणे एनबीएत खेळणाऱ्याला राष्ट्रीय संघात जागा नसे, म्हणून त्याने नकार दिला. पाच ऑलिंपिकमध्ये मिळून त्याने १,०९३ गुण केले. २०१३ मध्ये त्याला स्प्रिंगफील्ड येथील बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे मानाच्या दालनात, स्थान मिळाले, एनबीएचा एकही सामना न खेळता.