लिफ्ट हळू उचलते म्हणून जाड ऑइल टाकताय? थांबा जरा

जुन्या ट्रॅक्टरची लिफ्ट, म्हणजे मागचं अवजार ऑइलच्या दाबानं उचलणारी यंत्रणा, मंदावली की पारावर एकच सल्ला मिळतो, "पंप घासलाय, जाड ऑइल टाक, लगेच उचलंल." पण पंपाला आधी ऑइल ओढावं लागतं ना, आणि सक्शनची जाळी (पंप ऑइल ओढतो तिथली गाळणी) गाळानं निम्मी बुजलेली असली की जाड ऑइल त्यातून अजूनच कमी येतं, मग पंप उपाशी राहतो, कुंई कुंई करतो आणि नांगर हिसके देत वर येतो.

साधी पारख सांगतो. सकाळी थंड असताना सुस्त आणि तासाभरानं बरी, तर दोष बहुतेक जाळीत नाहीतर ऑइलच्या जाडपणात. उलट सकाळी झकास आणि गरम झाल्यावर रोटाव्हेटर जागचा हलंना, तर आतून गळतंय, पंप, व्हॉल्व्ह किंवा पिस्टनचं सील. डिपस्टिकवर फेस म्हणजे हवा शिरतेय, ऑइल ताकासारखं पांढरं म्हणजे पाणी. फक्त खाली यायलाच वेळ लागत असेल तर (हसू नका, मी स्वतः फसलोय) आधी रिस्पॉन्सची मूठ, म्हणजे अवजार खाली यायचा वेग ठरवणारी, बघा.

बऱ्याच ट्रॅक्टरात गिअरला न् लिफ्टला ऑइल एकच, तेव्हा मॅन्युअलमधलीच ग्रेड भरा. आणि जाळी काढताना नांगर जमिनीवर टेकवूनच, लटकत्या नांगराखाली हात घालायचा नाही.