भारी हात (पोकर)

टेक्सस होल्डेम या पोकरच्या सर्वाधिक खेळल्या जाणाऱ्या प्रकारात चांगली पाने आल्यावर पैज वाढवायची (रेझ), समोरच्याइतकेच पैसे घालून डावात राहायचे (कॉल) की पाने टाकून द्यायची (फोल्ड), हा या खेळातील कळीचा निर्णय. वाईट पाने टाकायला फारशी अक्कल लागत नाही. मोठा फटका बसतो तो बहुधा चांगल्या पानांवरच. टेबलावरचा दोन नंबरचा हात ज्याच्याकडे असतो, तोच शेवटपर्यंत पैसे ओतत राहतो.

मेंढीकोटात हुकुमाचा एक्का शेवटच्या हातापर्यंत हुकुमाचा एक्काच असतो. तीन पत्तीतही वाटलेली तीन पाने डाव मिटेपर्यंत तीच राहतात. ‘चाल’ द्यायची की ‘पॅक’ व्हायचे, एवढाच प्रश्न. होल्डेममध्ये मात्र हातात दोनच पाने असतात आणि टेबलावर सर्वांसाठी पाच पाने टप्प्याटप्प्याने उघडतात : आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), शेवटी एक (रिव्हर). टेबलावर पान पडले की हाताची किंमत बदलते. इस्पिक आणि किलवरचे दोन एक्के घेऊन बसलेल्यासमोर बदामची नव्वी, अठ्ठी, सत्ती उघडली, तर समोर कोणाची सलग किंवा सगळी बदामची पाच पाने जमत असू शकतात, त्यामुळे एक्के तेच असले तरी हात आता भारी राहिलेला नसतो. त्यामुळे ‘भारी हात’ म्हणजे सुंदर पाने नव्हेत. या क्षणी समोरच्याकडे जे जे असू शकते, त्यातल्या बहुतेकांना हरवणारा हात.

५२ पानांतून दोन पानांच्या १,३२६ जोड्या निघतात. त्यांतल्या फक्त सहा एक्क्यांच्या, म्हणजे सरासरी २२१ डावांत एकदा. कोणतीही पाने घेतलेल्या एकाच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध ही जोडी सुमारे ८५ टक्के वेळा जिंकते, पण पाच प्रतिस्पर्धी शेवटपर्यंत टिकले तर निम्म्याहून किंचित कमी वेळा. फ्लॉपपूर्वी एक्के, राजे, राण्या आल्या की रेझ करायचा तो यासाठी : कमकुवत पानांवाल्यांनी फुकटात फ्लॉप बघू नये, आणि जे राहतील त्यांनी पैसे मोजून राहावे. ‘भारी पाने आहेत, गप्प बसू, सगळ्यांना येऊ दे’ ही नवख्यांची युक्ती चतुर वाटते खरी, पण तिच्यामुळे पॉट (टेबलावर जमलेली पैजेची रक्कम) लहान राहतो आणि पुढचे प्रत्येक पान धास्तीचे होते.

फ्लॉपनंतरच्या रेझमागेही हिशेबच असतो. समजा, टर्न पडला आहे, पॉटमध्ये १,००० चिप्स (पैशांऐवजी वापरायच्या चकत्या) आहेत आणि समोरच्याला फ्लशसाठी, म्हणजे एकाच रंगाच्या (सगळी बदाम किंवा सगळी इस्पिक अशा) पाच पानांसाठी, एक पान हवे आहे. न दिसलेल्या ४६ पानांपैकी नऊ त्याच्या कामाची. शक्यता साधारण १९.६ टक्के. तुम्ही २५० लावले तर, त्याचेही पैसे धरून, १,५०० च्या पॉटसाठी त्याला २५० द्यावे लागतात, म्हणजे सुमारे १६.७ टक्के शक्यता पुरते. त्याने यावे हेच त्याच्या फायद्याचे. ५०० लावले तर त्याला २५ टक्के लागतात आणि त्या क्षणी तरी त्याचा सौदा तोट्याचा ठरतो. काहीच लावले नाही, तर ते पान तुम्ही त्याला फुकट दिले.

कॉलची जागा अवघड. रिव्हरवर तुमच्याकडे एक्क्यांची जोडी आणि सोबत राणी आहे, टेबलावर सत्तीची जोडी पडली आहे आणि समोरचा मोठी पैज लावतो. रेझ केला तर हलके हात पळून जातील, उरतील ते तुम्हाला हरवणारेच. कॉल केला तर त्याची थाप असल्यास तीही पकडली जाते. हात चांगला असूनही रेझ चुकीचा ठरतो, तो अशा वेळी. हे कळायला बराच काळ जातो, कारण चांगली पाने हाती आली की हात आपोआप चिप्सकडे जातो.

चांगला हात असूनही रेझ न करण्याचा दुसरा प्रकार जाणूनबुजून दबून खेळण्याचा. याचा गाजलेला दाखला १९८८ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या जागतिक स्पर्धेच्या अंतिम डावातला. जॉनी चॅनकडे गुलाम आणि नव्वी होती. फ्लॉपला राणी, दश्शी, अठ्ठी आली आणि त्याची अठ्ठी ते राणी अशी सलग पाच पाने झाली. त्याक्षणी त्याला हरवणारा हात अस्तित्वातच नव्हता. टर्नवर दुर्री पडल्यावर चॅन काहीही न लावता थांबला. राण्यांची जोडी धरून बसलेल्या एरिक सायडेलने सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या आणि स्पर्धा तिथेच संपली. ही चाल साधली कारण समोर एकच खेळाडू होता, त्याच्याकडे पैसे लावण्याजोगे काहीतरी होते आणि चॅनचा हात चार-दोन पानांनी कोसळणारा नव्हता. चौघे समोर असताना एका जोडीवर हेच करणे म्हणजे दैवाला आमंत्रण.

भारी हात टाकणे सर्वांत जड. राजांची जोडी आल्यावर फ्लॉपला निदान एक एक्का पडण्याची शक्यता २२.६ टक्के असते, त्यामुळे ‘राजे आले की एक्का येतोच’ ही तक्रार अगदी निराधार नाही. पण नऊ प्रतिस्पर्ध्यांपैकी कोणाकडे एक्क्यांची जोडी असण्याची शक्यता सुमारे साडेचार टक्केच, म्हणून फ्लॉपपूर्वीच राजे टाकणे क्वचितच शहाणपणाचे. पाने टाकताना तीन गोष्टी बघाव्या लागतात : समोरच्याने आतापर्यंत आपल्या पैजांतून काय सांगितले, तो आपल्या आधी बोलतो की नंतर, आणि दोघांकडे किती चिप्स उरल्या आहेत. पॉटच्या मानाने चिप्स थोड्या असतील तर एका जोडीवर सर्वस्व लावणे चालते; पॉटच्या वीसपट चिप्स मागे असतील तर तीच जोडी घात करते.

टाकलेला हात बरोबर होता की नाही, हे बहुधा कळतच नाही. २००३ मध्ये कळले, कारण कॅमेरे होते. वर्ल्ड सिरीजच्या अंतिम लढतीत सॅम फरहाकडे नव्वीची जोडी होती, टेबलावरच्या सर्वांत मोठ्या पानाशी जुळलेली. ख्रिस मनीमेकरने (आडनाव खरेच हे) नुसत्या राजावर सगळ्या चिप्स लावल्या. फरहाने बराच विचार करून पाने टाकली. ऑनलाइन पात्रता फेरीतून आलेला मनीमेकर पुढे २५ लाख डॉलर घेऊन गेला आणि त्यानंतर जगभर या खेळाची लाट आली. त्या दिवशी फरहाचा कॉल जिंकला असता. मात्र अशा पैजेमागे बहुतेक खेळाडूंकडे खरेच मोठा हात असतो, हेही तितकेच खरे.

मराठी वाचकाच्या जवळचे पोकर म्हणजे पणजीला मांडवीत नांगरलेल्या कॅसिनो जहाजांवरचे. गोव्यात जहाजांवरील कॅसिनोंना १९७६ च्या जुगार कायद्यातील दुरुस्तीने वाट मिळाली. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या कायद्याने देशभर बंदी घातली, आणि त्यात कौशल्य की नशीब असा भेद ठेवलेला नाही.