पुनर्बांधणीतल्या बेसबॉल संघाचा हिवाळा

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये एखादा संघ जिंकण्याचा नाद काही वर्षांपुरता सोडतो, हातचे महागडे खेळाडू देऊन तरुण पोरे जमवतो आणि पुढच्या चार-पाच वर्षांवर डोळा ठेवतो, तेव्हा तो 'रीबिल्डिंग'मध्ये, म्हणजे पुनर्बांधणीत आहे असे म्हणतात. असा संघ उन्हाळ्यात शंभर सामने हरला तरी कोणाला नवल वाटत नाही. त्याची परीक्षा होते ती ऑक्टोबरअखेर वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदाची अंतिम मालिका, आटोपल्यापासून फेब्रुवारीत सराव शिबिरे उघडेपर्यंत. कोणाला ठेवायचे, कोणाला वाऱ्यावर सोडायचे, कोणाच्या बदल्यात काय मागायचे, हे सगळे या साडेतीन महिन्यांत ठरते.

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्याला ही रचना प्रथम चमत्कारिक वाटते, कारण इथे लिलावच नाही. खेळाडू शाळा-कॉलेजातून ड्राफ्टमार्गे (संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडायचे) येतो किंवा व्हेनेझुएला, डॉमिनिकन रिपब्लिक अशा देशांतून सोळाव्या-सतराव्या वर्षी करारबद्ध होतो. मग तो मायनर लीगच्या, म्हणजे खालच्या दर्जाच्या स्पर्धांच्या, पायऱ्या चढतो. मेजर लीगमध्ये पोचल्यावर सहा वर्षे तो त्याच संघाच्या ताब्यात असतो. त्यातली पहिली तीन वर्षे त्याला साधारण किमान पगारावर (२०२५ मध्ये ७ लाख ६० हजार डॉलर) खेळावे लागते, पुढची तीन पगार ठरवणाऱ्या लवादाच्या टांगत्या तलवारीखाली जातात आणि त्यानंतर तो फ्री एजंट होतो, म्हणजे हवे तिकडे जायला मोकळा. पुनर्बांधणीचे सारे गणित या सहा वर्षांवर उभे आहे. ज्याची दोनच वर्षे उरली आहेत असा चांगला खेळाडू हरणाऱ्या संघाच्या काय कामाचा? संघ जिंकू लागेल तेव्हा तो निघून गेलेला असेल. म्हणून त्याला आत्ताच जिंकू पाहणाऱ्या संघाकडे द्यायचे आणि बदल्यात पूर्ण सहा वर्षे शिल्लक असलेले तीन-चार तरुण घ्यायचे.

चाळीस नावांची यादी

प्रत्येक संघाची चाळीस खेळाडूंची एक यादी असते. त्यातले सव्वीस प्रत्यक्ष सामन्यांसाठी उपलब्ध असतात (२०२० पूर्वी पंचवीस), बाकीचे मायनर लीगमध्ये किंवा दुखापतीतून सावरत असतात. हंगामात दीर्घ दुखापतीच्या यादीतला खेळाडू चाळिसात मोजला जात नाही. वर्ल्ड सिरीज संपली की मात्र ही सवलत संपते आणि तो पुन्हा यादीत येऊन बसतो. तिथूनच खेचाखेची सुरू होते. एक नाव आत घ्यायचे तर एक बाहेर काढावे लागते, आणि बाहेर काढलेला खेळाडू बहुधा 'वेव्हर्स'वर जातो, म्हणजे इतर २९ संघांपुढे ठेवला जातो. अनेकांनी मागितला तर तक्त्यात खालच्या संघाचा हक्क आधी. हरण्याचा एवढा तरी फायदा.

नोव्हेंबरच्या मध्याला या यादीची कसोटी लागते. अठराव्या वर्षी किंवा त्याआधी करारबद्ध झालेला खेळाडू पाच हंगामांत आणि एकोणिसाव्या वर्षी किंवा नंतर झालेला चार हंगामांत चाळिसात आला नाही, तर डिसेंबरमधल्या 'रूल फाइव्ह' ड्राफ्टमध्ये दुसरा कोणताही संघ त्याला एक लाख डॉलर देऊन उचलू शकतो. अट एकच, पण जाचक: उचललेला खेळाडू पुढचा संपूर्ण हंगाम सामन्यांच्या सव्विसांत ठेवायचा. मायनर लीगमध्ये पाठवायचा झाला, तर तो आधी निम्म्या पैशांत मूळ संघाला परत देऊ करावा लागतो. विजेतेपदाच्या शर्यतीतला संघ एक जागा अशी कच्च्या खेळाडूवर घालवत नाही. ज्याला नव्वद काय आणि शंभर काय, पराभव सारखेच, त्याला ही चैन परवडते. पिट्सबर्ग पायरेट्सने १९५४ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सच्या हाताखालचा रॉबर्टो क्लेमेंटे याच वाटेने मिळवला. पायरेट्स तेव्हा तळाला होते.

याच सुमारास आणखी एक निर्णय असतो. लवादाच्या टप्प्यातल्या खेळाडूला पुढच्या वर्षाचा करार देऊ करायचा की नाही? दिला नाही तर तो तत्काळ मोकळा होतो. याला 'नॉन-टेंडर' म्हणतात. दिला आणि पगारावर एकमत झाले नाही, तर दोन्ही बाजू आपापला आकडा लवादापुढे ठेवतात. लवादाने त्यातला एकच निवडायचा, मधला काढायचा नाही. संघाने आपल्याच खेळाडूच्या तोंडावर त्याच्या उणिवा वाचून दाखवायच्या, असा हा प्रकार. बहुतेक जण तो आधीच तडजोड करून टाळतात.

ह्यूस्टन, २०११ ते २०१७

पुनर्बांधणीचे सर्वांत टोकाचे आणि सर्वांत चर्चेतले उदाहरण ह्यूस्टन ॲस्ट्रोजचे. २०११ मध्ये संघ १०६ सामने हरला. त्या नोव्हेंबरात जिम क्रेन यांच्याकडे मालकी आली आणि डिसेंबरात त्यांनी सेंट लुइस कार्डिनल्सकडून जेफ लुनाव यांना जनरल मॅनेजर म्हणून आणले. सोबत सिग मेजडल हे पूर्वी नासात काम केलेले अभियंतेही आले. पुढच्या वर्षी १०७ पराभव, त्यापुढे १११. २०१३ चा शेवट तर सलग पंधरा पराभवांनी झाला. त्याच सप्टेंबरातल्या एका रविवारी, गावच्या फुटबॉल संघाचा सामना चालू असताना, ॲस्ट्रोजच्या सामन्याचे ह्यूस्टनमधले टीव्ही रेटिंग ०.० नोंदले गेले. संघाचा एकूण पगार त्या वर्षाच्या आरंभी तीन कोटी डॉलरच्याही आत होता.

या काळाची गोष्ट सांगताना ड्राफ्टमधल्या पहिल्या क्रमांकांचा पाढा वाचला जातो (तेव्हा सर्वांत जास्त हरणाऱ्याची निवड सर्वांत आधी होई): २०१२ मध्ये कार्लोस कोरेया, २०१३ मध्ये मार्क ॲपेल, २०१४ मध्ये ब्रेडी एकन. पण सलग तीन वर्षे सर्वांत आधी निवड करायला मिळूनही त्यातला एक कोरेयाच ह्यूस्टनसाठी खेळला. ॲपेल ट्रेडमध्ये गेला आणि मेजर लीगमध्ये २०२२ साली फिलाडेल्फियाकडून उतरला. एकनचा करार वैद्यकीय तपासणीनंतर फिसकटला. त्याच्या भरपाईपोटी पुढच्या वर्षी मिळालेल्या दुसऱ्या क्रमांकावर ॲलेक्स ब्रेगमन आला, हे नशीब. सर्वांत मोठा तारा होजे आल्टुवे तर लुनाव यांच्या आधीचा, २००७ मध्ये व्हेनेझुएलात पंधरा हजार डॉलरवर घेतलेला. तेव्हा हरून ड्राफ्टमध्ये नंबर मिळवला आणि २०१७ चे अजिंक्यपद आले, ही समजूत अर्धवटच आहे. बरेचसे काम यादीच्या तळाशी, कोणाचे लक्ष नसताना झाले.

मार्विन गॉन्झालेझचेच घ्या. शिकागो कब्जने त्याला चाळिसात घेतले नव्हते. डिसेंबर २०११ च्या रूल फाइव्ह ड्राफ्टमध्ये बॉस्टनने त्याला उचलले आणि लगेच ह्यूस्टनला देऊन टाकले. हा कुठल्याही जागी क्षेत्ररक्षण करणारा, बॅटने बेताचा खेळाडू. हरणाऱ्या संघाने त्याला २०१२ भर सांभाळले. पाच वर्षांनी, २५ ऑक्टोबर २०१७ रोजी, वर्ल्ड सिरीजचा दुसरा सामना चालू होता. लॉस एंजेलिसमध्ये नववी इनिंग, डॉजर्स ३-२ ने पुढे, चेंडू टाकणारा पिचर केनली जॅन्सन. गॉन्झालेझवर दोन स्ट्राइक पडले होते (तिसरा पडला की बाद), बॉल, म्हणजे आवाक्याबाहेरचा चेंडू, एकही नव्हता. पुढचा चेंडू त्याने सेंटरफील्डच्या भिंतीपलीकडे मारला, म्हणजे होम रन. बरोबरी झाली आणि अकराव्या इनिंगमध्ये ह्यूस्टनने ७-६ असा सामना घेतला. वर्ल्ड सिरीजमधला तो त्या संघाचा आजवरचा पहिलाच विजय.

दुसरा कॉलिन मॅकह्यू. मेट्स आणि रॉकीज या संघांकडून खेळताना दोन हंगामांत या पिचरला एकही विजय मिळाला नव्हता. डिसेंबर २०१३ मध्ये रॉकीजने त्याला यादीबाहेर काढले आणि ह्यूस्टनने वेव्हर्सवरून घेतले. त्याचा कर्व्हबॉल (वळून खाली पडणारा चेंडू) इतरांपेक्षा जास्त फिरतो, हे मोजमापाच्या आकड्यांत त्यांना दिसले होते. त्याला सांगण्यात आले की सिंकर (वेगात खाली बुडणारा चेंडू) कमी कर, कर्व्ह वाढव. २०१४ मध्ये ११ आणि २०१५ मध्ये १९ विजय.

आणि तिसरा, ज्याचे नाव ह्यूस्टनमध्ये अजून हळहळत घेतात: जे. डी. मार्टिनेझ. २००९ च्या ड्राफ्टमध्ये विसाव्या फेरीत घेतलेला, तीन हंगाम बेताचे गेलेला बॅटर. २०१३-१४ च्या हिवाळ्यात त्याने आपला स्विंग मुळापासून बदलला आणि व्हेनेझुएलाच्या हिवाळी लीगमध्ये जाऊन तो पारखून घेतला. परत येऊन तो सांगत होता की मी आता तो राहिलेलो नाही. पण त्या डिसेंबरात संघाने डेक्सटर फाउलरला आणले होते, आउटफील्डच्या (मैदानाच्या सीमेकडच्या) जागा भरल्या होत्या, आणि सराव सामन्यांत मार्टिनेझच्या नावावर जेमतेम १८ ॲट-बॅट (फलंदाजीच्या संधी) लागले. मार्चमध्ये त्याला मोकळे केले. डेट्रॉइटने घेतले. त्याच वर्षी त्याने .३१५ च्या सरासरीने २३ होम रन मारले. २०१८ मध्ये बॉस्टनकडून ४३ मारले, आणि त्याच बॉस्टनने अमेरिकन लीगच्या (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एक) अंतिम फेरीत ह्यूस्टनला घरी बसवले. चेंडूचे फिरणे मोजणारा संघ, पण घरच्या पोराचे तीन वर्षांचे जुने आकडे पाहून निकाल देऊन बसला. लुनाव यांनी पुढे चूक कबूल केली.

भाड्याचे बुजुर्ग

सगळीच पोरे घेऊन १६२ सामने काढता येत नाहीत. कोवळे हात थकतात. म्हणून पुनर्बांधणीतला संघ जानेवारीपर्यंत थांबून उरलेसुरले अनुभवी खेळाडू एका वर्षाच्या करारावर घेतो. चालला तर खेळाडूंच्या अदलाबदलीच्या जुलैअखेरच्या मुदतीआधी विकायचा, नाही चालला तर एका वर्षाचाच पैसा गेला. कब्जने २०१२ च्या नोव्हेंबरात पिचर स्कॉट फेल्डमनला साठ लाख डॉलरवर घेतले. जुलैत तो बॉल्टिमोरला गेला आणि बदल्यात जेक ॲरिएटा आणि पेद्रो स्ट्रॉप आले. ॲरिएटाने २०१५ चा साय यंग पुरस्कार (सर्वोत्तम पिचरचा) जिंकला आणि २०१६ मध्ये कब्जचा १०८ वर्षांचा दुष्काळ संपला तेव्हा वर्ल्ड सिरीजचे दोन सामने त्याने जिंकून दिले. आठ महिन्यांच्या भाड्यातून यापेक्षा मोठी वसुली झाल्याचे उदाहरण शोधून सापडायचे नाही. गंमत म्हणजे फेल्डमनला पुढच्या डिसेंबरात ह्यूस्टनने तीन वर्षांसाठी तीन कोटी डॉलर दिले.

दिवसांचा हिशेब

हिवाळ्यातच ठरणारी पण एप्रिलमध्ये दिसणारी एक क्लृप्ती आहे. मेजर लीगमधले १७२ दिवस म्हणजे एक वर्ष सेवा. हंगाम त्याहून पंधराएक दिवस मोठा असतो. त्यामुळे तयार झालेल्या तरुणाला सुरुवातीचे दोन आठवडे मायनर लीगमध्ये बसवून ठेवले, की संघाच्या ताब्यातले आख्खे एक वर्ष वाढते. कब्जच्या क्रिस ब्रायंटने २०१५ च्या सराव सामन्यांत ९ होम रन मारले होते, तरी त्याला 'क्षेत्ररक्षण सुधारण्यासाठी' खाली धाडले आणि १७ एप्रिलला वर बोलावले. वर्षाअखेर त्याचे दिवस भरले १७१. खेळाडू संघटनेची तक्रार २०२० मध्ये फेटाळली गेली. २०२२ च्या करारात यावर थोडा उतारा आला: सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोघांत आलेल्याला पूर्ण वर्षाची सेवा मिळते.

थांबायचे कधी

हरणे सोपे, थांबणे कठीण. ह्यूस्टनने २०१६-१७ च्या हिवाळ्यात सूर बदलला. ब्रायन मकॅन, जॉश रेडिक, कार्लोस बेल्ट्रान असे मुरलेले बॅटर आले, आणि दुखापतींमुळे कोणी फारसा न विचारलेला पिचर चार्ली मॉर्टन दोन वर्षांसाठी १.४ कोटी डॉलरवर आला. २०१७ च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यातल्या शेवटच्या चार इनिंग याच मॉर्टनने टाकल्या. मात्र त्या अजिंक्यपदाला डाग आहे. कॅमेऱ्याच्या मदतीने प्रतिस्पर्धी कॅचरने पिचरला केलेल्या खुणा चोरल्याबद्दल जानेवारी २०२० मध्ये संघाला ५० लाख डॉलर दंड झाला, दोन वर्षांच्या ड्राफ्टमधल्या पहिल्या दोन फेऱ्यांच्या निवडी गेल्या, आणि वर्षभर निलंबित झालेले लुनाव आणि मॅनेजर ए. जे. हिंच यांना मालकाने काढून टाकले.

कॅन्सस सिटी रॉयल्सने २०२३ मध्ये १०६ पराभव पाहिल्यावर आणखी वाट पाहायची नाही असे ठरवले. त्या हिवाळ्यात सेथ लुगो आणि मायकल वाका हे दोन अनुभवी पिचर आणले, घरचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) बॉबी विट ज्युनियर याला अकरा वर्षांच्या कराराने बांधून ठेवले आणि २०२४ मध्ये ८६ विजय मिळवून प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी, गाठले.

हरण्यावर लगाम

मुद्दाम हरल्यासारखे दिसणाऱ्या संघांवर खेळाडू संघटनेचा राग जुना. २०१८ मध्ये तिने मायामी, पिट्सबर्ग, टँपा बे आणि ओकलंड या चार संघांविरुद्ध तक्रार केली: श्रीमंत संघांकडून महसूल वाटपातून मिळालेला पैसा खेळाडूंवर खर्च होत नाही. २०२२ च्या करारात ड्राफ्टच्या पहिल्या सहा क्रमांकांसाठी सोडत आली. तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या क्रमांकाची संधी सारखीच, १६.५ टक्के, शिवाय तेच संघ वर्षानुवर्षे सोडतीत बसू नयेत अशीही अट. शिकागो व्हाइट सॉक्स २०२४ मध्ये १२१ सामने हरले, आधुनिक काळातला विक्रमच, आणि तरी या अटीमुळे पुढच्या ड्राफ्टमध्ये त्यांचा क्रमांक दहावा लागला. त्या डिसेंबरात त्यांनी आपला उत्तम पिचर गॅरेट क्रोशे बॉस्टनला देऊन चार तरुण घेतले, आणि रूल फाइव्ह ड्राफ्टमध्ये, जिथे सोडत नाही आणि सर्वांत खालच्याचा पहिला हक्क शाबूत आहे, मिलवॉकीच्या यादीबाहेर राहिलेला शेन स्मिथ उचलला. मेजर लीगमध्ये तोवर एकही चेंडू न टाकलेला हा पिचर २०२५ च्या ऑल-स्टार (निवडक ताऱ्यांच्या) संघात व्हाइट सॉक्सचा एकुलता एक प्रतिनिधी होता.