मुंबई हाय

मुंबई हाय : भारतातील सर्वांत मोठे समुद्री तेलक्षेत्र. मुंबईच्या किनाऱ्यापासून पश्चिमेस सुमारे 160 किमी. अंतरावर, अरबी समुद्रात. येथे पाण्याची खोली साधारण 75 मीटर आहे. क्षेत्राचा शोध फेब्रुवारी 1974 मध्ये लागला आणि 21 मे 1976 रोजी उत्पादन सुरू झाले. पूर्वी ‘बॉम्बे हाय’ म्हणत. जुन्या कामगारांच्या तोंडी अजूनही तेच नाव आहे. क्षेत्र तेल व नैसर्गिक वायू महामंडळाच्या, म्हणजे ओएनजीसीच्या, ताब्यात आहे.

नावातल्या ‘हाय’ने अनेकांची फसगत होते. भूविज्ञानात हाय म्हणजे जमिनीखालच्या थरांचा उंचवटा. समुद्रतळाखाली सुमारे 75 किमी. लांब व 25 किमी. रुंद असा हा उंचवटा आहे. समुद्राखाली तेलाचे तळे असते, हीही अशीच समजूत. प्रत्यक्षात तेल असते दगडात, स्पंजात पाणी मुरावे तसे. मुंबई हायचा मुख्य साठा सुमारे 2 कोटी वर्षांपूर्वीच्या, मायोसीन काळातल्या चुनखडकात आहे. हा थर ‘एल-3’ म्हणून ओळखला जातो. उथळ, उबदार समुद्रातल्या जीवांच्या कवचांचा आणि चुनामिश्रित गाळाचा तो बनला. तेल मात्र तिथे तयार झालेले नाही. भोवतालच्या खोलगट भागांत त्याहून जुन्या, सेंद्रिय द्रव्याने भरलेल्या शेल खडकांचे, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकांचे, थर आहेत. खोलवरच्या उष्णतेने त्यांतून तेल व वायू सुटले, वर सरकत उंचवट्यापर्यंत आले आणि वरच्या घट्ट शेलच्या झाकणाखाली अडकले. उंचवट्याच्या पायाशी दख्खनचा बेसाल्ट आणि त्याहून प्राचीन ग्रॅनाइट आहे. सह्याद्रीचा काळा कातळ समुद्राखालीही पसरलेला आहे, याची ही साक्ष. त्या पायाखडकाच्या भेगांतूनही काही विहिरींना तेल लागले.

भारताने समुद्रात तेल शोधायला सुरुवात केली ती खंभातच्या आखातात. 1960 च्या दशकात सोव्हिएत तज्ज्ञांच्या मदतीने भूकंपलहरींचे, म्हणजे कृत्रिम लहरी सोडून खालचे थर ओळखण्याचे, सर्वेक्षण झाले आणि मुंबईसमोरची ही रचना नजरेत आली. 1970 मध्ये अलियाबेट येथे उथळ पाण्यात पहिली विहीर खोदली गेली. मुंबई हायसाठी मात्र खोल पाण्यात पाय रोवून उभी राहणारी रिग, म्हणजे विहीर खोदणारे तरंगते यंत्रमंच, हवी होती. ती जपानमध्ये बांधून घेतली : ‘सागर सम्राट’. ती 1973 मध्ये आली आणि पुढल्याच वर्षी तेल लागले. तेलाच्या आंतरराष्ट्रीय किमती नुकत्याच चौपट झाल्या होत्या. परकीय चलनाची चणचण असलेल्या देशाला या शोधाचे केवढे अप्रूप वाटले, ते एका छोट्या खुणेवरून कळते. एक रुपयाच्या नोटेच्या पाठीमागे नाण्याच्या चित्राशेजारी जी रिग छापलेली असते, ती ‘सागर सम्राट’च.

येथले तेल हलके, कमी गंधकाचे आणि मेणयुक्त आहे. विहिरींच्या प्लॅटफॉर्मवरून ते प्रक्रिया-प्लॅटफॉर्मवर येते. तिथे तेल, वायू व पाणी वेगळे करतात. समुद्रतळावरच्या वाहिन्यांतून तेल व वायू उरणला पोहोचतात. उरणहून तेल माहुलच्या शुद्धीकरण कारखान्यांकडे जाते. वायू उरणच्या वीजकेंद्राला आणि थळच्या खत कारखान्याला मिळतो. 1976 मध्येच सापडलेल्या वसई वायूक्षेत्राचा हायड्रोजन सल्फाइडयुक्त वायू गुजरातेत हजिऱ्याला जातो, तिथे शुद्ध होतो आणि पुढे नळवाहिनीने उत्तर भारतात. हीरा, नीलम, पन्ना-मुक्ता ही याच द्रोणीतली अन्य क्षेत्रे.

1980 च्या दशकाच्या अखेरीस मुंबई हायचे वार्षिक उत्पादन सुमारे 2 कोटी टनांवर गेले होते. नंतर ते घसरले. साठ्यातला दाब हीच तेल वर ढकलणारी शक्ती. उपसा वाढला की दाब उतरतो, वायू व पाणी तेलाच्या आधी विहिरीत शिरतात आणि तेल दगडातच अडकून राहते. दाब टिकवण्यासाठी 1984 पासून साठ्यात समुद्राचे पाणी सोडले जाऊ लागले. तरी आधी घाईने केलेल्या उपशाची किंमत या क्षेत्राला मोजावी लागली. 2000 नंतर नव्या व आडव्या विहिरी खोदून पुनर्विकास हाती घेतला गेला. जानेवारी 2025 मध्ये उत्पादन वाढवण्यासाठी बीपी या ब्रिटिश तेल कंपनीला तांत्रिक सेवा-भागीदार नेमल्याचे जाहीर झाले. साठ्यातले निम्म्याहून बरेच जास्त तेल अजून खडकातच आहे. जुन्या क्षेत्राची निगा हे नव्या शोधाइतकेच मोलाचे काम आहे, आणि त्याला तसा मान मिळायला हवा.

प्लॅटफॉर्मवरची माणसे साधारणतः 14 दिवस ड्युटी, 14 दिवस घरी अशा पाळीने काम करतात. जाणे-येणे जुहूहून हेलिकॉप्टरने. पावसाळ्यात हवा बिघडली की हेलिकॉप्टर उडत नाही, तेव्हा समुद्र किती दूर आहे ते कळते. 27 जुलै 2005 रोजी, मुंबई महापुरात बुडालेली असताना, ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावरच्या एका जखमी स्वयंपाक्याला उपचारासाठी प्लॅटफॉर्मवर उतरवायचे होते. उसळत्या लाटांत जहाज बीएचएन (बॉम्बे हाय नॉर्थ) प्लॅटफॉर्मच्या उभ्या वायूवाहिन्यांवर आदळले. वाहिन्या फुटून वायू पेटला आणि सुमारे दोन तासांत प्लॅटफॉर्म नष्ट झाला. 22 जण दगावले, साडेतीनशेहून अधिक वाचवले गेले. जहाजावरच्या दाबकक्षात सहा पाणबुडे अडकले होते. दाब हळूहळू उतरवल्याशिवाय त्यांना बाहेर पडता येत नव्हते. जवळपास दीड दिवसाने त्यांची सुटका झाली. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळात पी-305 ही कामगार-निवासाची बार्ज बुडून झालेली जीवितहानी त्याहून मोठी होती. मृतांत प्रामुख्याने कंत्राटी कामगार होते.

किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा या क्षेत्राशी संबंध वेगळा आहे. प्रत्येक प्लॅटफॉर्मभोवतीच्या 500 मीटरांत मासेमारीला बंदी असते. भूकंपलहरींच्या सर्वेक्षणाला शांत समुद्र लागतो, म्हणजे पावसाळ्यानंतरचे महिने. नेमका तोच मासेमारीचा हंगाम. सर्वेक्षणाचे जहाज मागे किलोमीटर-किलोमीटर लांब केबली ओढत येते, तेव्हा त्या पट्ट्यातली जाळी काढून घ्यावी लागतात. बुडालेल्या दिवसांची भरपाई कशी मोजायची, कोणाला द्यायची, यावरून मच्छीमार संस्थांची मागणी वर्षानुवर्षे चालू आहे.